जोडी क्रमांक चारशे सात

वैजयंती लोमटेला फसवणं सोपं नव्हतं, आणि परभणीतल्या बियाणे विक्रेत्यांना हे चांगलं ठाऊक होतं. ती एका बियाणे प्रयोगशाळेत तपासनीस होती. कंपनीनं पिशवीवर कितीही झकास मजकूर छापलेला असो, वैजयंती त्यातले चारशे दाणे मोजून घ्यायची, ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये घालून उगवण पेटीत ठेवायची, आणि आठव्या दिवशी जेवढे कोंब निघाले असतील तेवढेच लिहायची. मधल्या सात दिवसांत कुणी कितीही ओळखीचा माणूस भेटायला आला, तरी तो आकडा बदलत नसे.

मोठ्या साथीत तिचा नवरा गेला, त्याला आता सोळा वर्षं झाली होती. मुलगी ओवी संभाजीनगरला वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. बचत गटाच्या बायकांना मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल सांगायला वैजयंतीला हौसेनं बोलावत, कारण ती घाबरवत नसे, नीट समजावून सांगे. ओळख होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच जीव ओवाळून टाकणारा माणूस, भेटायचं म्हटलं की नेमकी अडचण सांगणारा माणूस, आपल्याबद्दल घरात बोलू नकोस म्हणणारा, आणि शेवटी पैशाचं नाव काढणारा. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की तिसरीची वाट बघू नका, फोन ठेवा, असं ती सांगायची.

मग ‘सहस्पंद’ आलं आणि हे सगळं सांगायची गरजच उरली नाही, असं लोकांना वाटू लागलं.

त्याच्या मुळाशी असलेलं विज्ञान साधं होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते आणि रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला दिसतो. दोन माणसं एकमेकांचं खरोखर मन लावून ऐकत असतील, तर त्यांचे श्वास आणि त्यांच्यामागोमाग हृदयाचे ठोकेही हळूहळू एका लयीत चढू-उतरू लागतात. संगणकानं बनवलेल्या चेहऱ्याला नाडी नसते. कुणी ती चिकटवली, तरी ती समोरच्याच्या बोलण्यावर दचकत नाही, हसण्याबरोबर सैल होत नाही. सहस्पंद व्हिडिओ कॉलवर दोघांची नाडी वाचायचं, ताडून बघायचं आणि जुळली तर पडद्याच्या कोपऱ्यातली पिवळी खूण हिरवी करायचं. पहिल्या दोन वर्षांत हजारो भामटे या खुणेपाशी अडकले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की प्रेमातल्या फसवणुकीवर आता औषध निघालं.

वैजयंतीनं ते यंत्र आपल्या पद्धतीनं तपासलं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीशी बोलून पाहिलं, ओवीशी बोलून पाहिलं, ओवीनं मुद्दाम खोटं हसून पाहिलं. खूण प्रत्येक वेळी बरोबर निघाली. मग एका रविवारी तिनं स्वतःचं नाव नोंदवलं.

तिसऱ्या आठवड्यात तिला समीर राजवाडे भेटला. समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर तो अभियंता होता. सहा-सहा महिने किनाऱ्यावर येणं नाही. पन्नाशीचा, कानशिलांवर पांढरे झालेले केस, बोलणं शांत. रोज संध्याकाळी सातला त्याचा कॉल यायचा, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला कोपऱ्यात हिरवी खूण उमटायची. दिवसभर मेलेले दाणे मोजून आलेली वैजयंती त्या खुणेकडे बघत आपोआप मऊ होत जायची.

ओवीनं एकदा विचारलं, ते भेटायला कधी येणार? वैजयंतीनं उत्तराऐवजी तिला खूण दाखवली. पुढे कधीतरी ओवीनं ओळखीतल्या कुणाकडून त्या पवनचक्क्यांवर चौकशी करू का म्हटलं, तेव्हा वैजयंती चिडली. बचत गटाच्या बायकांना सांगितलेल्या चारही गोष्टी तिच्यासमोर एकेक करून येत होत्या. त्या तिला दिसत नव्हत्या असं नाही. पण त्या जुन्या काळच्या खुणा होत्या, आणि इथे यंत्र सांगत होतं की या माणसाचं काळीज तुझ्या शब्दासरशी हलतं.

एकदोन गोष्टी तिला खटकल्या होत्या. समीर कधी कधी डोळे चोळत बसायचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मग बटाट्याचे काप ठेवून पडतो, असं तो म्हणाला होता. पडद्यासमोर बसणाऱ्या अभियंत्याच्या डोळ्यांत कसली वाळू? पण समुद्रावरचा वारा असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी ती कॉलवर रडली. नवऱ्याचा फोटो अजून समोरच्या भिंतीवर आहे आणि त्याच्याकडे पाठ करून तुझ्याशी बोलते, हे तिनं त्याला सांगितलं. समीर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तो फोटो काढू नकोस. त्या घरात मला दुसरी भिंत चालेल.”

त्या एका वाक्यावर वैजयंतीनं पुढचे पाच महिने काढले. त्याचा पगार कुठेसा अडकला म्हणून तिनं पैसे पाठवले, ते त्याच वाक्याच्या भरवशावर. दुसऱ्यांदा पाठवले. एका संध्याकाळी त्यानं आर्जवानं काही मागितलं, तेव्हा दाराला कडी घालून ती कॅमेऱ्यासमोर जशी वागली, तशी सोळा वर्षांत कुणासमोर वागली नव्हती, तेही त्याच भरवशावर.

मग एका सकाळी, सोयाबीनच्या गुंडाळ्या उलगडत असताना, अनोळखी क्रमांकावरून तिला तिचीच चित्रफीत आली. खाली तिच्या फोनमधली बावीस नावं होती. प्रयोगशाळेचे प्रमुख, जाऊ, बचत गटाच्या अध्यक्षा. सर्वांत वर ओवी. संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर वरून सुरुवात होईल, असं लिहिलं होतं.

तिनं हातातली गुंडाळी पूर्ण उलगडली, कोंब मोजले, आकडा लिहिला.

पैसे पाठवायचे नाहीत, हे तिनं ठरवलं ते धैर्यानं नव्हे. एकदा दिले की मागणी वाढते, थांबत नाही, हे तिनं इतक्या बायकांना सांगितलं होतं की हात पुढे गेला नाही. तिनं संदेश पुसले नाहीत, क्रमांक आणि वेळा कागदावर उतरवून काढल्या आणि ओवीला फोन केला. ओवी दुपारच्या गाडीनं आली. वैजयंतीनं दारातच बोलायला सुरुवात केली, तर ओवीनं तिला आत नेऊन बसवलं.

“आई, मला आली आहे ती. सकाळीच,” ती म्हणाली. “मी उघडली नाही.”

मग ओवीनं तिला तोंड धुवायला लावलं, सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि दोघी पोलीस मुख्यालयात गेल्या.

सहायक निरीक्षक रुकसाना तांबोळी या चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी वैजयंतीला एकदाही ‘असं कसं केलंत’ म्हटलं नाही. तक्रार घेतली, चित्रफीत पसरू नये म्हणून कंपन्यांना नोटिसा पाठवल्या आणि तुमच्यासारख्या अकरा तक्रारी माझ्या टेबलावर आहेत, एवढं सांगितलं. चित्रफीत तरीही चार जणांपर्यंत पोचली. बचत गटाची भाषणं बंद झाली. कुणी बंद करा म्हटलं नाही, नुसतं बोलावणं थांबलं.

वैजयंतीला मात्र एका गोष्टीनं पोखरलं होतं. समीरनं हे केलं, तर मग खूण हिरवी कशी? काळीज खोटं धडधडतं का? पाच महिन्यांनी तांबोळींनी बोलावून घेतलं आणि तिला उत्तर दिलं.

परराज्यातल्या एका शहरात कॉल सेंटरवर धाड पडली होती. तिथे समीर नावाचं कुणी नव्हतं, पण समीरच्या जागी बोलणारा माणूसही नव्हता. टोळीनं हिरव्या खुणेशी झुंजणं कधीच सोडून दिलं होतं. खोटी नाडी बनवता येत नाही ना, मग खरी आणा. टोळी दोन खऱ्या, एकट्या माणसांना हेरायची आणि एकमेकांना जोडून द्यायची. मध्ये यंत्र बसवायचं. यंत्र दोघांचे चेहरे, आवाज आणि नावं बदलायचं, बोलण्यातले तपशील बदलायचं, पण चेहऱ्यावरची रक्ताची लाट मात्र जशीच्या तशी पलीकडे पाठवायचं. बोलणं यंत्रातून पोचायला दोन-तीन सेकंद लागत. समुद्रावरून कॉल येतो म्हटल्यावर त्याचा कुणाला संशय येत नसे. दोघांचीही काळजं खरी, म्हणून खूण हिरवी. पैशाची मागणी, गुपिताची शपथ, नको ते आर्जव, एवढी वाक्यं टोळी आपली घालायची, दोन्हीकडे. लुटायची दोघांनाही. अशा अकराशे जोड्या त्यांच्या यादीत होत्या.

“तुमचा क्रमांक चारशे सात,” तांबोळी म्हणाल्या. “पलीकडचा माणूस आम्हाला सापडलाय. त्यानं तक्रार केलेली नाही. अजून तो पैसे भरतोय, तिची चित्रफीत कुणाला दिसू नये म्हणून.”

“कुणाची?”

“तुमची. पण त्याच्यासाठी ती नेहा आहे. दुबईत नर्स.”

प्रल्हाद बोरकुटे हिंगणघाटचे. वेल्डिंगचं दुकान, वय त्रेपन्न, लग्न झालेलं नाही. आई होती, दोन वर्षांपूर्वी गेली. धाडीत सापडलेल्या संभाषणांच्या नोंदी ओळखून सही करायला दोघांनीही हजर राहणं गरजेचं होतं, म्हणून तांबोळींनी त्यांना परभणीला बोलावलं. वैजयंतीनं त्या दिवसासाठी साडी दोनदा बदलली आणि त्याबद्दल स्वतःची लाज वाटून पहिलीच पुन्हा नेसली.

ते आधीच येऊन बसले होते. बुटके, रुंद खांद्यांचे, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे काळे ठिपके, वेल्डिंगच्या झगझगाटानं डोळे लाल. ते डोळे बघून वैजयंतीला वाळू आणि बटाट्याचे काप आठवले. ते उठून उभे राहिले. तिला नमस्कार केला आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले, आणखी कुणी येणार असल्यासारखे.

तांबोळींनी दोघांपुढे कागद ठेवले. प्रत्येक पानावर डावीकडे जे बोललं गेलं ते आणि उजवीकडे जे पोचवलं गेलं ते. पुष्कळशा ओळी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच होत्या. प्रल्हादचं ‘मले’ तिच्यापर्यंत ‘मला’ होऊन आलं होतं. ‘पेरण्या तोंडावर आल्यात, नमुने फार साचलेत’ हे तिचं वाक्य त्यांच्याकडे ‘वॉर्डात पेशंट फार आहेत’ होऊन गेलं होतं. वैजयंती पानं उलटत श्राद्धाच्या तारखेपाशी आली. उजवीकडे होतं, ‘तो फोटो काढू नकोस. त्या घरात मला दुसरी भिंत चालेल.’ डावीकडे होतं, ‘अकरा सेकंद शांतता.’ आणि त्याखाली, ‘हं. जेवली का?’

तिनं तेच पान पुन्हा वाचलं. मग मागची, मग पुढची. ‘जेवली का’ रोज होतं. कधी सुरुवातीला, कधी मध्येच, कधी फोन ठेवताना. त्यापुढे टोळीतल्या कुणीतरी एकदाच शेरा मारून ठेवला होता, ‘कंटाळवाणे, गाळावे.’ वर्षभर हा माणूस रोज तिला जेवणाचं विचारत होता आणि तिला एकदाही ते ऐकू आलं नव्हतं. तिला ऐकू आलं होतं ते यंत्राचं वाक्य, आणि तिचं काळीज हललं होतं ते त्या वाक्यासाठी.

समोर प्रल्हाद एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. ‘तुमच्या आईचं मी केलं असतं शेवटपर्यंत,’ अशी ती ओळ होती. डावीकडे वैजयंतीचं मूळ वाक्य होतं, ‘अरेरे. किती वर्षांच्या होत्या?’

“हे तुम्ही म्हणल्या नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

त्यांनी मान हलवली. मग खाली बघूनच म्हणाले, “एक सांगतो. त्या दिवशी, तुम्ही जे... ते मी पाह्यलं नाही. डोळे मिटून घेतले होते. देवाशपथ.”

वैजयंतीला ते खरं मानायचं होतं. तिनं नकळत हातातल्या कागदावर त्या दिवशीची नोंद शोधली. डोळे उघडे होते की मिटलेले, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

सह्या झाल्यावर दोघं मुख्यालयाबाहेरच्या हॉटेलात चहाला बसले. प्रल्हादनी तिला खुर्ची पुसून दिली. बोलायला लागल्यावर ते बरे बोलत होते. वर्ध्याकडच्या कापसाचं, दुकानातल्या नव्या यंत्राचं. तिनं सोयाबीनच्या बोगस वाणाचं सांगितलं, तर त्यांनी दोन नेमके प्रश्न विचारले. वैजयंतीला वाटलं, या माणसाबरोबर बसता येईल. लगेच कुठे पोचायची घाई न करता नुसतं बसता येईल.

तेवढ्यात त्यांनी खिशातून फोन काढला. साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला आणि काही न बोलता सहस्पंद लावलं. समोरासमोर बसलेल्यांसाठीही ते चालायचं. दोघंही एकमेकांकडे न बघता फोनकडे बघत बसले. बाजूनं ट्रक जात होते, पोऱ्या कपबशा आदळत होता. पाच मिनिटं गेली, सात गेली. खूण पिवळीच राहिली.

अशा तपासणीला काही अर्थ नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? घाबरलेली दोन माणसं, रस्त्यावरचा गोंगाट, दोघांच्याही मनात तिसराच चेहरा. तिच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी पेटी उघडून बघणाऱ्याला तिनं बाहेर काढलं असतं. थांबू या, काही दिवस जाऊ देत, एवढं म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण तीही खुणेकडेच बघत होती, आणि खूण हिरवी झाली नाही यानं तिला आतून थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं.

प्रल्हादनी फोन खिशात ठेवला.

“तुम्ही वाईट मानू नका,” ते म्हणाले. “तुम्ही चांगल्या आहात. पण मले तुमच्यात ती दिसत नाही.”

मलाही तुमच्यात तो दिसत नाही, हे वैजयंती म्हणाली नाही. त्यांची बस साडेचारची होती. तिनं चहाचे पैसे देऊ केले, त्यांनी देऊ दिले नाहीत.

खटला उभा राहायला सव्वा वर्ष लागलं. तोवर ओवी पुण्याला नोकरीला लागली होती. आईच्या फोनवर तिनं एक पहारा बसवला होता. नवा क्रमांक आला की तो आधी ओवीला दिसायचा. वैजयंतीनं त्याला हरकत घेतली नाही. मायलेकी रोज बोलत, पण बोलताना वैजयंती आपल्याच मुलीपुढे जबाब दिल्यासारखी बोलायची, आणि ओवीलाही ते कळत होतं.

कोर्टात आरोपींच्या वकिलांनी जोड्या लावल्याचं नाकारलं नाही. माणसं खरी होती, ते म्हणाले, काळजं खरी होती, खूण खरी होती. सरकारनं मान्य केलेल्या यंत्रानं तीनशे एकोणीस संध्याकाळी हिरवी खूण दिली आहे. दोन एकट्या जिवांना आमच्या अशिलांनी एकत्र आणलं आणि त्यांचं बोलणं थोडं गोड करून पोचवलं. फसवणूक असती, तर काळजं जुळली असती का? न्यायाधीशांनी पैशाच्या मागणीबद्दल आणि धमक्यांबद्दल विचारलं. ती वाक्यं आमची नाहीत, वकील म्हणाले, ती पलीकडच्या माणसाची. पलीकडच्या माणसाला विचारा.

पलीकडचा माणूस आला नव्हता. त्यानं हिंगणघाटहून प्रतिज्ञापत्र पाठवलं होतं. सरकारी वकिलांनी ते नाइलाजानं वाचून दाखवलं. ‘माझी कोणीही फसवणूक केलेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. परभणीला पोलिसांसमोर केलेली सही मी गोंधळलेल्या मनःस्थितीत केली. नेहा माझ्याशी रोज बोलते.’

तांबोळींनी मधल्या सुट्टीत खुलासा केला. धाडीच्या आधीच टोळीनं सगळे चेहरे आणि आवाज विकून टाकले होते. नेहा आता दुसऱ्या कुणाकडे होती. यावेळी तिच्यामागे माणूस आहे की नुसतं यंत्र, हे पोलिसांना अजून कळलं नव्हतं. प्रल्हादना त्यांनी हे समोर बसवून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि चहा मागवला होता.

“त्यांना माहीत आहे म्हणजे,” वैजयंती म्हणाली.

“सगळं माहीत आहे,” तांबोळी म्हणाल्या.

दुपारी न्यायाधीशांनी वैजयंतीला विचारलं, की नोंदींवरची सही बोरकुटेंनी मागे घेतली आहे, मग या नोंदींमधली धमकीची आणि पैशाची वाक्यं बोरकुटेंची नाहीत, असं तुम्ही कशावरून म्हणता? ती म्हणाली, ते तसं बोलणारे नाहीत. तुम्ही त्यांना किती ओळखता? तिनं विचार केला. एकदा भेटले आहे, ती म्हणाली, दोन तास. आरोपींच्या वकिलांनी तेवढंच लिहून घेण्याची विनंती केली. तासाभरात जोडी क्रमांक चारशे सात पुराव्याअभावी आरोपपत्रातून वगळली गेली.

वैजयंती पिशवी उचलून बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर पुढची जोडी बसली होती. एका टोकाला साठीचे एक गृहस्थ, दुसऱ्या टोकाला तिच्याच वयाची एक बाई, आणि मध्ये दोघांच्या पिशव्या. दोघांच्याही हातात नोंदींचे कागद होते. बाईनं वैजयंतीच्या हातातले तसेच कागद पाहिले आणि हळूच बोलावलं.

“ताई, आत काय विचारतात हो?”

“यातली कुठली वाक्यं कुणाची, ते विचारतात.”

बाईनं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे एकदा बघून घेतलं. गृहस्थ चष्मा काढून पुसत होते.

“आणि ओळखू येतात?”

“आपली येतात,” वैजयंती म्हणाली. “त्यांची नाही येत.”